खंडेनवमीची ड्यूटी

पुणे,
२४ ऑक्टोबर २०२४

ती. शिवलिंगमामांस,
सा. न.

पत्र बघून नवल वाटेल. आई म्हणाली, फोन कर की. फोनवर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणता आणि मामीच्या हातात देता. दवाखान्याच्या मेलवर लिहावं, तर ती मेल आमच्याच केंद्रातून गाळून पुढे जाते. पोस्टाच्या पेटीवर आमची नजर नाही.

मी इथे काय करते हे मामी अजून विचारते, म्हणून सांगते. तुमच्या दवाखान्याचा अर्धा कारभार तळमजल्यावरच्या सर्व्हरवर आहे, जुने केसपेपर आणि एक्स-रे. अर्धा क्लाउडवर, नोंदणी आणि लॅबचे रिपोर्ट. दोन्हीकडे कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, ते आमच्या पडद्यावर येतं. नेहमीपेक्षा वेगळं काही झालं की अलर्ट उठतो. खरा की खोटा ते आम्ही ठरवायचं. बहुतेक खोटे असतात, त्यामुळे खोटा म्हणायची सवय लागते.

खंडेनवमीला सकाळी तुमच्या हाताखालच्या लिंबाजीच्या नावाने कोणी आत आलं, दवाखान्याच्या बाहेरून. तो एरवी बाहेरून येत नाही. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, “अगं, लिंबाजीच आहे. आजच्या दिवशी त्याचीच ड्यूटी असते. बंद कर तुझं ते.” मी अलर्ट बंद केला. सणाचा दिवस, सारखा उठत राहील, म्हणून दसरा होईपर्यंत लिंबाजीच्या नावाला सूटही दिली. संध्याकाळी त्याच नावाने दुसरंच कोणी आत आलं. पडद्यावर काही उठलं नाही. दसऱ्याच्या सकाळी तुमचा एकही एक्स-रे उघडेना, सगळ्याला त्यांनी कुलूप घातलं होतं.

आता ट्रस्टने चौकशी लावली आहे. आमच्या कच्च्या अहवालाच्या पहिल्या ओळीत लिंबाजीचं नाव आहे आणि त्याला घरी बसवलं आहे. परवा त्याने केंद्रात फोन केला. मीच उचलला. मी कोण ते सांगितलं नाही. तो म्हणाला, “मॅडम, मी त्या दिवशी गंगाखेडात नव्हतोच. आईला घेऊन नागपूरला गेल्तो, दीक्षाभूमीवर.”

तुम्ही तर तो ड्यूटीवर आहे म्हणालात. नक्की काय ते कळवा. पक्का अहवाल अजून माझ्याच टेबलावर आहे.

धनश्री


गंगाखेड,
५ नोव्हेंबर २०२४

चि. धनश्रीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत घर भरलेलं होतं, उत्तराला उशीर झाला. शिवकन्यासाठी लातूरचं स्थळ आलं आहे. माणसं चांगली वाटतात.

दवाखाना पुन्हा सुरू झाला. मधले दिवस लोक लय बेजार झाले. हात मोडून आलेल्या माणसालाही परभणीची बस दाखवावी लागली. बॅकअपच्या डिस्कवरून सगळं परत आणलं. आता ठीक आहे.

तू इथली रीत विसरलीस. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुजतो. माझ्या खोलीत ती पूजा सर्व्हरची. जंगम स्वामी येतात, यंत्राला विभूती लावतात, हार घालतात. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी आपटा वाटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमच्या वडिलांनी त्या दिवशी दुकानातली तागडी कधी उचलली नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. दवाखाना मात्र बंद ठेवता येत नाही. लिंबाजीला आपली पूजा लागू नाही. म्हणून तो कामाला लागल्यापासून ती ड्यूटी त्याची. तो हसून म्हणायचा, “साहेब, पूजा तुमची अन् ड्यूटी माझी.” त्याची कधी तक्रार नव्हती.

यंदा त्याने रजा मागितली, हे खरं. पण रजेवरचा माणूस नागपुरातूनही काम करू शकतो. क्लाउड म्हणजे तेच ना? तसंच काही झालं असेल. पोरगा वाईट नाही. पण पासवर्ड सांभाळायची जिम्मेदारी ज्याची त्याची.

अहवालात आहे ते राहू दे. त्यात तुझं नाव येणार नाही एवढं बघ. तुझ्या आईला काही लिहिलेलं नाही.

तुझा,
शिवलिंगमामा


पुणे,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न.

तुम्ही लिहिलंत ते बसत नाही. सकाळचं लॉगिन नागपूरहून झालेलं नाही. ते गंगाखेडमधून आहे, एका घरातल्या इंटरनेटवरून. कोणाचं घर, हे विचारायला रीतसर पत्रव्यवहार करावा लागतो आणि त्यात महिने जातात. मला विचारायची गरज नाही. टाळेबंदीत मी तुमच्याकडे अडकले होते, माडीवर बसून काम करायचे. कामाला इंटरनेटचा कायमचा एक नंबर लागतो म्हणून ते कनेक्शन मीच घेतलं होतं. तो नंबर आमच्याकडे अजून माझ्या नावापुढे आहे. त्या सकाळी मी तो बघितलाच नाही.

मला दिसतं ते लिहिते. लिंबाजी रजेवर जाणार होता. पुजलेल्या यंत्राला तुम्हाला हात लावायचा नव्हता. म्हणून त्याचा पासवर्ड घेतलात आणि माडीवर बसून, लॅपटॉपवरून, त्याच्या नावाने ड्यूटी केलीत. यंत्राला हात लागला नाही. तुमचं नावही लागलं नाही. त्यासाठी बाहेरून आत यायची वाट उघडावी लागली, ती उघडीच राहिली. संध्याकाळी जे आले ते तिथून आले.

चुकत असेन तर लिहा. चुकत असले तर बरं, असं ही ओळ लिहितानाही वाटतं आहे.

ट्रस्टची मीटिंग कार्तिकात आहे असं कळलं. तिथे तुम्हीच सांगा. मी लिहिलं तर भाचीने मामावर लिहिलं असं होईल. तुम्ही सांगितलं तर गोष्ट एका वाक्यात मिटते. सूट मी दिली, हे मी वर कळवलं आहे. मला लेखी समज मिळाली. त्याच्यापुढे काही झालं नाही. आमच्यासारख्यांना समज मिळते, मामा. लिंबाजीला काय मिळेल?

धनश्री


गंगाखेड,
९ डिसेंबर २०२४

चि. धनश्रीस,
आशीर्वाद.

तू चुकत नाहीस.

मीटिंगला मी सांगणार म्हणूनच गेलो होतो. देवापुढे बसून ठरवलं होतं. अध्यक्ष माणिकराव आत आले ते हार घेऊनच. दवाखाना लवकर उभा केला म्हणून माझा सत्कार ठेवला होता, मला आधी कुणी बोललं नाही. टाळ्या झाल्या. शाल अंगावर पडली. मार्चमध्ये निवृत्त व्हायचा होतो, तिथेच मुदतवाढ जाहीर केली. मग म्हणाले, आता त्या पोराला बोलवा.

शाल काढून ठेवावी, हे मला सुचलं नाही.

लिंबाजीला विचारलं, पासवर्ड कोणाला दिला होतास का? त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “न्हाई. कुणालाच न्हाई दिला.” मला वाटलं होतं तो नाव घेईल. घेतलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. निदान मला तसं वाटतं.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, राजीनामा दे, म्हणजे शिक्का बसणार नाही, दुसरीकडे मी शब्द टाकतो. दुसऱ्या दिवशी त्याने दिला. पूर्ण्याला त्याच्या मावसभावाचं, पप्पूचं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं बसायलाय म्हणतात. शब्द टाकायला मी अजून कुठे गेलेलो नाही.

ज्या डिस्कवरून सगळं परत आणलं, ती त्याने नागपूरला जायच्या आधी काढून कपाटात ठेवली होती. सत्कार तिचा होता.

शिवकन्याचं जमलं. माघात लग्न आहे. घरातलं पहिलंच कार्य. तू आलं पाहिजेस.

शिवलिंगमामा


पुणे,
२० डिसेंबर २०२४

ती. मामांस,

पत्र पोचलं. मी अहवालाला दुरुस्ती लिहिली. कनेक्शन कोणाचं, वाट कोणी उघडली, सूट कोणी दिली. वरून उत्तर आलं की प्रकरण बंद झालेलं आहे, दवाखान्याची काही हरकत नाही, तेव्हा दुरुस्ती शेवटी जोडून ठेवली जाईल. शेवटी जोडलेलं कोणी उघडत नाही. मीही उघडत नाही. पहिल्या ओळीत लिंबाजी आहे तसाच राहिला.

तुमच्या गप्प बसण्यापेक्षा मला माझी सूट जड जाते, असं लिहिणार होते. ते खरं नाही. दोन्ही जड जातात.

लग्नाला येणं होणार नाही. आईला रजा नाही असं सांगितलं आहे. शिवकन्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

धनश्री


पुणे,
१४ जानेवारी २०२५

श्री. लिंबाजी यांस,
नमस्कार.

तुम्ही ऑक्टोबरात पुण्याच्या केंद्रात फोन केला होता. तो मी उचलला. मी शिवलिंगमामांची भाची. तेव्हा हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही वेगळं काही बोलला असता, असं नंतर बऱ्याचदा मनात आलं.

तुमच्या नावाला त्या दिवशी सूट देणारी मीच. तुम्हाला एक फोन केला असता तर कळलं असतं. मी मामांना केला.

अहवालाला जोडलेल्या दुरुस्तीची प्रत सोबत पाठवते. तिचा उपयोग होईल की नाही, ठाऊक नाही. पण ती तुमच्याकडे असावी. पुन्हा कामावर घ्या म्हणून ट्रस्टकडे दरखास्त द्यायची असेल तर द्या. मी येऊन सांगेन.

धनश्री


पूर्णा,
११ मार्च २०२५

धनश्रीताई,
जय भीम.

तुमचं पत्र लय दिवसापास्नं खिशात हाय. पप्पूनं पाकीट बघितलं अन् दुकानभर केलं, लिंबाजीला पुण्याच्या मॅडमचं पत्र आलं, आता ह्यो कशाला आपले स्क्रू उचलतोय. अजून चिडवायलाय. म्हनून निवांत लिहायला झालं न्हाई.

कागद नीट ठिवलाय. पर दरखास्त देत न्हाई. राग धरू नका.

साहेबांनीच मला कामाला लावलं. माउस धरायलाबी त्यांनीच शिकवलं. मीटिंगमधी त्यांचं नाव घ्यावं, असं मनात आलं न्हाई असं न्हाई. बाहेर बाकड्यावर बसून तेच घोकत होतो. आत गेलो तर साहेब शाल पांघरून बसलेले अन् कपाळावर घाम. विभूती वघळायली होती. मग काय बोलावं? अन् दिला म्हनलो असतो तरी नियमानं चूक माझीच. द्यायचा नसतोच. पर साहेबानं मागितल्यावर न्हाई म्हनायचं कसं, ते नियमात लिहिलेलं न्हाई.

पासवर्ड सोपाबी त्यांनीच करायला लावला. म्हनले, “लिंब्या, ह्यो पासवर्ड हाय का मंत्र? माझ्या ध्यानात न्हाई राहायचा.” मग दवाखान्याच्या पाटीवरचं नावच ठिवलं. डिस्क काढली, कपाटात ठिवली अन् गाडी धरली.

नागपूरला गेल्याचं वाईट वाटत न्हाई. दर दसऱ्याला आई म्हनायची, अवंदा जाऊ, अन् दर दसऱ्याला माझी ड्यूटी. गर्दीत तिची एक चप्पल हरवली. मी हुडकायलो तर म्हनली, राहू दे, परत यायला निमित्त झालं.

एक काम हाय तुमच्याकडं. मागल्या महिन्यात आईला खोकला झाला. हितली मशीन बंद होती म्हनून छातीचा फोटू काढायला गंगाखेडला, आपल्याच दवाखान्यात न्यावं लागलं. मी आत गेलो न्हाई, आटोपाशीच थांबलो. आई फोटू घेऊन आली. उजेडाला धरून बघितलं तर कोपऱ्यात बारीक इंग्रजीत माझं नाव. ती जुनी मशीन माझ्याच नावानं सर्व्हरला फोटू देती, ते मीच जोडलेलं हाय. डिस्कवरनं सगळं परत आणलं, त्यात मीबी परत आलो असंल.

आईला वाचता येत न्हाई. मी बोट ठिवून दावलं. ती म्हनली, “लेकरा, मंग तू तर हितंच हायस की.”

फोटूत काय निघालं न्हाई, साधा कफ हाय. पर ताई, मी तिथं न्हाई. उद्या तिथं काय बिघडलं तर पुन्हा माझंच नाव येईल. तेवढं बंद करा.

आई पंचफुलाबाईचा तुमाला जय भीम.

लिंबाजी


पुणे,
२ एप्रिल २०२५

ती. मामांस,

क्लाउडवरचं लिंबाजीचं नाव मी ऑक्टोबरातच बंद केलं. तळमजल्यावरच्या सर्व्हरवरचं नाव तुमच्याशिवाय कोणी बंद करू शकत नाही. ‘बंद केले’ असं तुम्ही आम्हाला कळवलं होतं, आणि तुमचं कळवणं आम्ही तपासलं नाही. ते चालू आहे. प्रत्येक एक्स-रेच्या कोपऱ्यात छापलं जातं. त्याच्या आईच्या एक्स-रेवरही आहे.

त्याला परत यायचं नाही. नुकसानभरपाई नको, माफी नको. एवढंच मागतो. एवढं तरी करा.

धनश्री


गंगाखेड,
खंडेनवमी, १ ऑक्टोबर २०२५

चि. धनश्रीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र चैत्रात आलं. आज आश्विन आहे. नाव बंद केलं तर एक्स-रे थांबतील, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरंच होतं. जोडणी बदलायला एक दिवस एक्स-रेची खोली बंद ठेवावी लागते. तो एक दिवस मला सापडत नव्हता.

श्रावणात पूर्ण्याला गेलो. पप्पूचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला आहे. लिंबाजी मान खाली घालून कोणाचा तरी फोन उघडत होता. केस थोडे पांढरे झालेत. मी रस्त्याच्या अलीकडे उभा होतो, हातात माझा फोन. फोन चांगला चालतो. काय बिघडलं म्हणून सांगणार? पुढच्या गाडीने परत आलो. मामीला म्हणालो, एकाची भेट झाली नाही.

त्याच्या जागी ट्रस्टने कोणी घेतलं नाही. त्यामुळे आजची ड्यूटी कोणाचीच नव्हती. सकाळी जंगम स्वामी आले, पूजा झाली, प्रसाद वाटला, सगळे घरी गेले. सण म्हणून एक्स-रेची खोलीही बंद होती. मी यंत्रासमोर बसलो. हार पडद्यावर आला होता, तो बाजूला केला. कळफलकाला हात लावला. वडिलांची आठवण झाली. त्यांच्या तागडीची नाही, दारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाची. ते किती वेळ उभं राहायचं, हे आम्ही घरातून कधी बघितलं नाही.

सवयीने बोटांनी लिंबाजीचंच नाव टाकलं. खाली दवाखान्याचं नाव. उघडलं. वर्षभर मी सगळ्यांच्या मागे लागतो, पासवर्ड बदला म्हणून. मी कुठेही जाऊ शकत होतो त्या नावाने. त्याने कधी कुठे जाऊन बघितलेलं नव्हतं. रोजची कामं, रोजच्या वेळा, डिस्क काढल्याच्या नोंदी. एवढंच होतं आत.

बाहेर आलो. माझ्या नावाने आत गेलो. एक्स-रेची मशीन माझ्या नावाला जोडली आणि त्याचं बंद केलं. बोटाची विभूती दोन-चार अक्षरांवर राहिली आहे, पुसली नाही. आता कोपऱ्यात माझं नाव येईल. त्याला कळव. मी कळवलं तर तो ‘बरं साहेब’ म्हणेल, ते मला ऐकवणार नाही.

उद्या आपटा द्यायला माणिकरावांकडे जायचं आहे. तिथे सांगणार आहे. गेल्या वर्षीही सांगणार होतो, म्हणून तू धरून चालू नकोस.

तुझ्या पडद्यावर अलर्ट उठला असेलच. सणाच्या दिवशी, आतून, कोणीतरी एक जुनं नाव बंद केलं. दुपारपासून फोन शेजारी घेऊन बसलो होतो. मागच्यासारखं विचारशील, मामा, कोण आहे ते? उत्तर तयार ठेवलं होतं. आता दिवेलागण झाली. फोन आला नाही.

म्हणून इथे लिहितो. मीच होतो.

शिवलिंग